आमच्या सात नंबरचं पुढे काय?

ई-अंकासाठी बास्केटबॉलवर लिहिते आहे म्हटल्यावर मंडळातल्या दोघीतिघी माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. एकीनं विचारलंसुद्धा, "कथा आहे का?" कथा नाही. आपल्या कॉलेजच्या मुलींच्या संघात सात नंबरची जर्सी घालून जी मुलगी खेळते, तिच्याबद्दल मला एक मत द्यावं लागलं. ते देण्याआधी काय काय बघावं लागलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं, एवढंच.

मी स्वतः खेळत नाही. दोन वर्षं मी संघाबरोबर वही घेऊन बाकावर बसते. अधिकृत स्कोअरशीट टेबलावर बसलेली माणसं भरतात, माझी वही वेगळी. आमच्या सरांना आपल्या मुलींनी किती पास दिले, किती चेंडू घालवले, हे सामन्यानंतर बघायचं असतं. मराठीवाल्या मुलीचं अक्षर बरं असतं, असा त्यांचा एक समज आहे. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

सात नंबर पेडणे तालुक्यातली, मी डिचोलीची. म्हापसा दोघींच्या मधे, म्हणून कॉलेज एक. तिच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण पेडण्यात गाव कळला की घर कळायला वेळ लागत नाही. तिची आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हरमलच्या मिरच्या आणि मोसमाप्रमाणे भाजी घेऊन बसते. मोठा भाऊ रिक्षा चालवतो. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, आणि तेव्हापासून त्या भागातल्या प्रत्येक घरात 'विमानतळावर लागलं का कोण?' हा प्रश्न चहाबरोबर येतो. हिच्याही घरी आला. परीक्षा झाल्यावर तिथल्या एका कंत्राटदाराकडे हिला काम मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात मुंबईत चार दिवसांचं एक खुलं निवड शिबिर असल्याचं सरांनी सांगितलं. शिबिराच्या तारखा आणि कामावर रुजू व्हायची तारीख एकमेकींवर आल्या.

तिनं बसस्टँडवर मला विचारलं, "तुझ्याकडे वही आसा मां? मग माका खरां सांग. मी पुढे खेळू शकतलंय काय?"

एका मुलीच्या घरातला पगार आपल्या उत्तरावर हलणार असेल तर घाईनं बोलू नये. मी आठ दिवस मागून घेतले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानात पाच जणी. उंच असतात त्या रिंगच्या जवळ राहतात. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर वर, त्यामुळे उंचीला भाव. गार्ड ही बहुतेक वेळा संघातली सगळ्यात बुटकी. चेंडू मागून पुढे आणायचं काम तिचं. आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. चोवीस सेकंदांत कोणीतरी रिंगवर चेंडू फेकलाच पाहिजे, आणि तो कोणी, कुठून फेकायचा हे तिनं पळता पळता ठरवायचं. पेडण्याच्या वाचकांना दशावतार माहीत आहेच. तिथे लिहिलेली संहिता नसते. समोरचा नट अडखळला तर त्याच्या तोंडून पुढचं वाक्य निघेल असा प्रश्न टाकणारा एक जाणता नट लागतो. टाळ्या दुसऱ्याला पडतात. गार्ड म्हणजे तोच नट.

म्हणूनच गार्ड पारखणं कठीण. उंच मुलीची उंची टेप लावली की कळते. जी दुसऱ्यांकडून खेळ करून घेते, तिला कशानं मोजायचं?

हा प्रश्न फक्त म्हापशाच्या बाकावर पडलेला नाही. अमेरिकेत दर वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या, साधारण साठ नावं. आदल्या मोसमात मागे पडलेल्या संघांना आधी निवडायला मिळतं. उंची, हातांचा पल्ला, उडी, धाव सगळं मोजलं जातं, पगारी पारखे वर्षभर गावोगाव फिरतात, आणि तरी गार्डच्या बाबतीत हमखास गोंधळ होतो. स्टीफन करी २००९ साली सातवा निवडला गेला. त्याच्या आधी पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर मिनेसोटाची पाळी होती. त्यांना गार्डच हवा होता, त्यांनी ओळीनं दोन गार्ड घेतले आणि करीला सोडला. करी डेव्हिडसन नावाच्या लहानशा कॉलेजात खेळायचा. दिसायला काटकुळा. 'मोठ्या पोरांत टिकणार नाही' हे मत तेव्हा मूर्खपणाचं नव्हतं, ते नंतर खोटं ठरलं.

आपल्या कॉलेजात ज्यांना फादरांच्या संस्थांचं कौतुक आहे त्यांच्यासाठी आणखी दोन नावं. जॉन स्टॉकटन हा गोन्झागा विद्यापीठाचा. ज्या संताच्या नावावर ते विद्यापीठ आहे तो अलॉयशियस गोन्झागा, संस्था जेझुइटांची. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये स्टॉकटन सोळावा. तो निवृत्त झाला तेव्हा असिस्ट म्हणजे ज्या पासवर लगेच गोल होतो असे त्याच्या नावावर १५,८०६ पास होते, आणि तो आकडा अजून कोणी गाठलेला नाही. दुसरा स्टीव्ह नॅश, सँटा क्लारा विद्यापीठाचा, तेही जेझुइटांचंच. १९९६ साली पंधरावा. फिनिक्सनं त्याचं नाव घेतलं तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी हुर्यो केली होती. पुढे २००५ आणि २००६, लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुलींमध्ये बेकी हॅमन. पाच फूट सहा इंच. १९९९ साली महिलांच्या ड्राफ्टमध्ये तिचं नाव कोणीच घेतलं नाही. तिनं संघाच्या सराव शिबिरातून जागा मिळवली आणि २०२३ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

हे सगळं मी सात नंबरला सांगितलं असतं तर ती खूश झाली असती. सांगितलं नाही. कारण अशा गोष्टींत एक लबाडी असते. चुकून सुटलेल्या दोन-चार जणांची नावं आपल्याला पाठ असतात. पारख्यांनी 'नाही' म्हटलं आणि ते बरोबरच निघालं, अशा शेकडो गार्डची नावं कोणालाच माहीत नसतात. करीचं उदाहरण देऊन कोणाला नोकरी सोडायला सांगणं म्हणजे लॉटरी लागलेल्याचा फोटो दाखवून तिकीट विकणं.

आणि अमेरिकेतलं ते दार आपल्यासाठी किती उघडं आहे? पंजाबचा सतनाम सिंग २०१५ साली बावन्नावा निवडला गेला, एनबीए ड्राफ्टमधला पहिला भारतीय. सात फुटांहून उंच. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही, पुढे अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीच्या रिंगमध्ये उतरला. प्रिन्सपाल सिंग, अमज्योत सिंग, जे कोणी त्या वाटेवर थोडं पुढे गेले ते सगळे उंचीनं डोळ्यांत भरणारे. गार्ड म्हणून बाहेर करार मिळवलेला लगेच आठवतो तो वाराणसीचा विशेष भृगुवंशी, २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड संघाकडून. मुलींमध्ये केरळची गीतू अॅना जोस. चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजची, म्हणजे आपल्यासारख्याच ख्रिस्ती संस्थेची विद्यार्थिनी. २०११ साली अमेरिकेतल्या महिला लीगच्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं होतं. तीसुद्धा सेंटर, म्हणजे रिंगखालची उंच खेळाडू.

सात नंबर पाच फूट दोन इंच आहे. बूट घालून.

म्हणून मी जवळचं उदाहरण शोधलं, आणि ते मराठी घरातलंच मिळालं. पुण्याची शिरीन लिमये. गार्ड. भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली. २०१७ साली बंगळुरूत भारतानं आशिया कपचा दुसरा गट जिंकून वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघात ती होती. आता तिला कुठल्या ड्राफ्टनं निवडलं? कुठल्याच नाही. ती रेल्वेकडून खेळली. गीतूही रेल्वेत. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला पगार मिळतो तो बहुतेक नोकरीतून, खेळाडूंच्या कोट्यातून. हाच आपला ड्राफ्ट. त्यात करोडोंचे आकडे नाहीत, टीव्हीवर नाव पुकारत नाहीत, पण महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात आणि सकाळ-संध्याकाळ सरावाला मैदान मिळतं. मुंबईच्या शिबिराचं आकर्षण तेच होतं. तिथून पुढे अशा संघांच्या नजरेला पडता येतं.

या कोट्याची एक अडचण मात्र आहे. अर्जात विचारतात, राष्ट्रीय स्पर्धेत तुमचा संघ कितवा आला. मुलींच्या राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षं रेल्वे आणि केरळ पुढे. गोव्याच्या संघातून खेळणारी गार्ड कितीही शहाणी असली तरी तिच्या कागदावर संघाचा क्रमांक येणार. धावणाऱ्या मुलीला स्वतःची वेळ दाखवता येते. हिला काय दाखवता येणार?

आपल्या गोव्यात निवडीच्या गोष्टी लोकांना नव्या नाहीत. लिलाव म्हटला की बाजारातल्या मावशीलाही कळतं. स्वप्नील अस्नोडकर २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून ९ सामन्यांत ३११ धावा काढून गेला आणि राजस्थान ती स्पर्धा जिंकली. त्याआधी गोव्याबाहेर किती जणांनी त्याचं नाव ऐकलं होतं? पण पुढचे मोसम त्याला तसे गेले नाहीत. सुयश प्रभुदेसाईला बंगळूरनं २०२१ च्या लिलावात २० लाखांना घेतलं, सामना मात्र मिळाला एप्रिल २०२२ मध्ये. वर्षभर तो बाकावर काय करत असेल, याचा विचार मी माझ्या बाकावरून बरेचदा केला आहे. फुटबॉलमधला मंदार राव देसाई मला जास्त उपयोगी वाटतो. एफसी गोवाकडून तो आधी डाव्या बाजूनं पुढे खेळायचा. सर्जियो लोबेरा प्रशिक्षक असताना तो मागे, लेफ्ट बॅकला आला आणि तिथे रुळला. नंतर मुंबई सिटीबरोबर विजेता झाला. म्हणजे वरच्या पातळीवर माणूस आज खेळतो त्याच जागी खेळेल असं नाही. सात नंबरला तीही सोय नव्हती. पाच फूट दोन इंचांच्या मुलीला गार्डशिवाय दुसरी जागा कोण देणार?

आता माझ्या वहीबद्दल, आणि त्याआधी पप्पांच्या ट्रकबद्दल.

आमच्या घरी ट्रक होता. खाणीवरून सारमानसच्या जेटीवर खनिज नेणारा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी शाळेत होते. डिचोलीत तेव्हा घराघरांपुढे ट्रक उभे राहिले, त्यांच्या टायरांभोवती गवत वाढलं. पप्पांनी त्याआधी तीन जुने ट्रक घेतले-विकले होते आणि गाडी पारखायला लोक त्यांना बरोबर नेत. त्यांची रीत ठरलेली. ते मालकाला न सांगता पहाटे जायचे. बॉनेटवर हात ठेवायचे. गरम लागलं तर म्हणायचे, "यानं आधीच चालू करून ठेवलाय, चला परत." थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसं बोलतं ते त्यांना ऐकायचं असे. दुसरी गोष्ट, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवून बघायची नाही. भरून चढावर न्यायची. सपाटीवर सगळेच ट्रक चांगले.

सरांनी सांगितलेले रकाने होते गुण, असिस्ट, गमावलेले चेंडू, फाऊल. पहिल्या वर्षाच्या मध्यावर मी माझे दोन रकाने वाढवले. एकाचं नाव 'थंड', दुसऱ्याचं 'चढ'. 'थंड'मध्ये सामन्याची पहिली पाच मिनिटं आणि बाकावरून उठून परत गेल्यानंतरची दोन. 'चढ'मध्ये फक्त अशी वेळ, जेव्हा समोरचा संघ आपल्यापेक्षा बरा आहे आणि फरक दहा गुणांच्या आत आहे. दुबळ्या संघाविरुद्ध काढलेल्या गुणांना मी या हिशोबात धरलंच नाही. सरांना आधी ते पटलं नाही. "अगं, गुण ते गुण," ते म्हणाले. तरी रकाने पुसायला लावले नाहीत.

आठ दिवस मी ती वही घेऊन बसले. दोन वर्षांत १९ सामने. त्यातला चढ म्हणावा असा भाग फक्त सहा सामन्यांत. एवढ्याशा पुराव्यावर एखाद्याचं आयुष्य सांगायचं म्हणजे जरा कठीणच.

थंडमध्ये ती उत्तम. पहिल्या पाच मिनिटांत तिनं चेंडू घालवल्याची खूण फार थोड्या पानांवर आहे. कारण मला माहीत आहे. तिला सकाळी घरून साडेसहाची बस पकडून यावं लागतं, सामना नऊला असला की ती आठलाच मैदानावर असते, आणि बाकीच्या मुली येईपर्यंत एकटीच चेंडू आपटत असते.

चढमध्ये चुका वाढतात. हे लपवण्यात अर्थ नाही. सहापैकी चार सामन्यांत तिनं नेहमीपेक्षा जास्त चेंडू घालवले. पण मी आकडा मोजून थांबले नाही, चूक कुठे आणि कशी झाली तेही लिहीत होते, आणि खरी गोष्ट तिथे सापडली.

गेल्या वर्षीचा उपांत्य सामना घ्या. समोरच्या संघानं एक सापळा लावला होता. सात नंबर चेंडू घेऊन मधली रेषा ओलांडते न ओलांडते तोच दोघीजणी धावून यायच्या आणि तिला उजव्या कोपऱ्यात, रेषेला चिकटवून टाकायच्या. एकदा रेषा ओलांडली की चेंडू मागे नेता येत नाही. बाजूला मैदान संपतं. पुढे दोघी. पहिल्यांदा चेंडू गेला. दुसऱ्यांदाही गेला. सरांनी टाइमआऊट घेतला नाही, का ते त्यांना विचारायला हवं. तिसऱ्या वेळी ती रेषेच्या एक पाऊल अलीकडेच थांबली. दोघी अंगावर येईपर्यंत वाट बघितली. मग मधून धावत आलेल्या मुलीला चेंडू दिला आणि स्वतः त्या दोघींच्या मधून पुढे गेली. रिकामं मैदान, सोपा गोल. चौथ्या वेळी समोरच्यांनी मधल्या मुलीवर लक्ष ठेवलं, तर हिनं नजर मधे ठेवली आणि चेंडू डावीकडच्या मोकळ्या मुलीकडे टाकला. तिच्या हातून तो सुटला, पण ते पुढचं. पाचव्या वेळी समोरच्यांनी सापळाच काढून घेतला.

सगळं मिळून चार मिनिटांत झालं. कोणी काही सांगितलं नव्हतं. वहीत एकच चूक तिसऱ्यांदा झाल्याची नोंद मी शोधत होते. सहाही सामन्यांत मला ती सापडली नाही. मी पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्याच खेळाडूबद्दल, आमच्या किंवा समोरच्या, मला हे म्हणता येणार नाही.

तिच्या भावाचं म्हणणं, ही पुनवेला तयार झाली. पेडण्याच्या पुनवेच्या रात्री देवाची तरंगं निघतात तेव्हा भगवतीच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नसते, आणि ही लहानपणी त्या गर्दीतून खाज्याचा पुडा न सांडता घरच्यांपर्यंत आणायची. भाऊ रिक्षावाला असल्यामुळे गोष्ट थोडी वाढवून सांगत असेल. पण गर्दी कुठे फाटणार हे आधी दिसण्याची काहीतरी सवय तिच्याकडे आहे, हे खरं.

आता दुसरी बाजू. तिचा डावा हात कच्चा आहे. डावीकडे जायची वेळ आली की तिची मान चेंडूकडे खाली जाते, आणि मान खाली गेली की तिचं जे मोठं बळ, मैदान बघणं, तेच जातं. लांबून शॉट तिला नाही म्हटलं तरी चालेल. तीन गुणांची रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर. तिथून ती दोन्ही हातांनी, छातीपासून चेंडू ढकलते. शाळेत तिला मुलांचा मोठा, जड चेंडू मिळायचा, तेव्हा तो पोचवायला लागलेली ही सवय. चेंडू सपाट जातो आणि उंच मुलीला तो अडवायला उडीसुद्धा मारावी लागत नाही. जिचा शॉट नाही, तिच्यावर समोरची खेळाडू दोन पावलं मागे राहून पहारा ठेवते, आणि मग पासच्या सगळ्या वाटा बुजतात. हे आमच्या आंतरकॉलेज स्पर्धेत फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. वर पहिल्या दिवशी येईल.

शॉट वीस-एकविसाव्या वर्षी बदलता येतो का? येतो म्हणतात. पण त्यासाठी रोज दोन-तीनशे चेंडू फेकावे लागतील, ते परत आणून देणारं कोणीतरी लागेल, आणि संध्याकाळी दिवे असलेलं मैदान लागेल. तिला म्हापशाहून संध्याकाळची बस चुकली तर भावाला रिक्षा घेऊन यावं लागतं आणि त्याचं एक भाडं बुडतं.

राहिला एक रकाना, छोट्या गोलांचा. तिनं पास दिला, पास बरोबर होता, पण घेणारीच्या हातून सुटला, तर मी असिस्टही लिहीत नाही आणि तिची चूकही धरत नाही, एक गोल काढून ठेवते. १९ सामन्यांत असे ४४ गोल निघाले. अधिकृत कागदावर यातले बरेच तिच्या नावावर गमावलेले चेंडू म्हणून गेले असतील. आमच्या मुलींना दोष देत नाही. त्यातल्या निम्म्या खो-खोतून आलेल्या आहेत आणि चेंडू इतक्या लवकर आपल्याकडे येईल असं त्यांना वाटतच नाही. पण गार्डचा अर्धा खेळ दुसऱ्याच्या हातात असतो. आमच्या संघात बघून तिचं खरं माप मिळणारच नव्हतं, म्हणजे मलाही नाही.

एवढं झाल्यावर मी दोन पानं लिहिली आणि एका रविवारी तिच्या घरी गेले. डिचोलीहून पेडण्याला दोन बस बदलून. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आई ओसरीवर मिरच्या निवडत होती, भाऊ रिक्षा धूत होता. मी वाचून दाखवलं. राज्याच्या संघात पहिल्या पाचांत खेळायची लायकी आज आहे. रेल्वेसारख्या संघात आज नाही, बाकावरसुद्धा नाही. डावा हात आणि शॉट, दोन्ही सुधारले तर दोन वर्षांनी तिथे विचार होऊ शकतो. एकच सुधारलं तर नाही. खेळून घर चालेल असं मला आज दिसत नाही. पण मैदान वाचण्यात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे, आणि आपल्याहून बऱ्या खेळाडूंत ती कशी दिसेल हे अजून कोणीच पाहिलेलं नाही. म्हणून नोकरी घ्यावी, पण रुजू होण्याची तारीख दहा दिवस पुढे मागावी आणि शिबिराला जावं.

भाऊ रिक्षा पुसता पुसता थांबला. "म्हणजे नाय म्हणतंस तू?"

"आज नाही म्हणते."

सात नंबर काही बोलली नाही. तिनं पानं घेतली आणि गोलांच्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्यां तू लिवन ठेवलंस?" तेवढंच.

आईनं मला विचारलं, "धा दिसांनी काय कळतलां गो?" मी पप्पांचं सांगितलं, चढावर गाडी भरून नेल्याशिवाय कळत नाही. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे मिरची घेणारे लोक एक मोडून वास घेतात, गोणभर मोडत नाहीत. मला वाटलं ती नको म्हणते आहे. मग तिनं मुलाला सांगितलं, कंत्राटदाराच्या माणसाला फोन लाव आणि विचार दहा दिवस चालतील काय. त्यानं सहा दिले. शिबिर चार दिवसांचं, जायला-यायला दोन रात्री. नेमकं बसलं.

पेडण्याच्या स्टेशनवरून ती रात्रीच्या गाडीनं गेली. पहिल्या दोन दिवसांत फोन नाही. तिसऱ्या रात्री मोबाईलवर निरोप आला, तिच्या नेहमीच्या तुटक भाषेत: डावा हात त्यांना दहा मिनिटांत कळला, प्रत्येक जण मला डावीकडेच ढकलतो. शॉटचं विचारू नको. खाली एक ओळ सोडून पुढे लिहिलं होतं की उद्याच्या सामन्यात मला पहिल्या पाचांत घेतलंय, इथल्या मुली पास टाकायच्या आधीच हात पुढे करतात.

शिबिराची यादी अजून लागलेली नाही. ती मोपाला कामावर रुजू झाली आहे, या महिन्यात रात्रपाळी आहे. दुपारी उठल्यावर अंगणात डाव्या हातानं चेंडू आपटते आणि शेजारची म्हातारी कोंबड्या बिथरतात म्हणून ओरडते, असं भाऊ सांगतो. नवीन वहीत मी तिच्यासाठी डाव्या हाताचा वेगळा रकाना आखून ठेवला आहे.